दहावीचा प्रश्न: बोंडअळीला बीटीची सवय लागली, की झालं काही वेगळंच?

दुधनाकाठ (सेलू)

मी सेलू तालुक्यात दहावीला विज्ञान शिकवते. भाग २ मधला पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. लॅमार्क, जिराफाची मान, मग डार्विन आणि नैसर्गिक निवड, असा त्याचा क्रम. परवा फळ्यावर जिराफ काढला तर शेवटच्या बाकावरचा एक जण उठून म्हणाला, "बाई, जिराफ कुणी पाहिलाय? आमच्या वावरातली बोंडअळी सांगा ना. आधी बीटी खाऊन मरायची, आता मरत नाही. आमचे आबा म्हणतात, तिला सवय लागली."

वर्गातल्या निम्म्याहून जास्त घरी कापूस, तोही बीटी, म्हणजे अळीला मारणारं विष ज्याच्या झाडातच असतं तो. तास तिथंच थांबला. कुणी म्हणे बियाणंच बोगस यायलंय. कुणी म्हणे अळी हुशार झाली, विष कुठल्या बोंडात आहे ते तिला वासावरून कळतं. शेवटी एक मुलगी म्हणाली, "बाई, मान ताणून ताणून जिराफाची मान लांब झाली नाही असं तुम्हीच सांगितलं. मग बीटी खाऊन खाऊन अळी बीटीला कशी पुरून उरली?"

तिनं लॅमार्कचा धडा बरोबर पकडलाय, त्यामुळे तिला उत्तरही तितकंच नेमकं द्यायला हवं. ढोबळ मला सांगता येतं: ज्या वाचल्या त्यांचीच पिल्लं वाढली. पण २०१७ ला ज्यांच्या घरचा कापूस गुलाबी बोंडअळीनं कवडी (किडका, पिवळा) होऊन गेला, त्या लेकरांची एवढ्यावर बोळवण करायला मन होत नाही. अळीच्या पोटात नेमकं काय बदललं? बीटी आलं २००२ ला. पुस्तकात लाखो वर्षांच्या गोष्टी आहेत, इथं १५ वर्षांच्या आत सगळं कसं झालं? आणि त्याच वावरात, त्याच झाडावर हिरवी बोंडअळी पण असायची. ती का पुन्हा तशी आली नाही, गुलाबीच का आली?

कपाशीत आयुष्य घालवलेली माणसं इथं आहेत, म्हणून विचारते. सविस्तर लिहिलंत तरी चालेल, मी वर्गात वाचून दाखवणार आहे.

कामगंध (परभणी)

बाई, मी परभणीला कीटकशास्त्र शिकलो आणि नोकरीचा बहुतेक काळ कपाशीतच गेला. 'सवय लागली' हे मी इतक्या बांधांवर ऐकलंय की उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

आबांनी पाहिलं ते खरं आहे, कारण तेवढं वेगळं आहे. कुठल्याही एका अळीला बीटीची सवय लागत नाही. जी मरायची ती कोवळ्या वयातच मरते, सवय लागायला तिला सवडच मिळत नाही. आणि जी वाचते ती अंड्यातून बाहेर पडली तेव्हाच वाचणारी असते. पिढ्यांगणिक बदलत जातं ते अशा वाचणाऱ्यांचं शिवारातलं प्रमाण. वासाचंही तसंच. पतंगाची मादी बीटी की बिगरबीटी हे पाहून अंडी घालत नाही, आणि नुकती निघालेली अळी समोरच्या पातीत (फुलाच्या कळीत) किंवा बोंडात शिरून मोकळी होते.

आता पोटातलं. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जिवाणूचं प्रथिन (त्याचं जनुक कपाशीत घातलेलं असतं). अळीच्या आतड्यातला रस अल्कधर्मी असतो. त्यात ते विरघळतं, तिथली विकरं त्याला कापतात, आणि तो कापलेला भाग आतड्याच्या अस्तरावरच्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतो. चिकटल्यावर अस्तराला भोकं पडतात, अळी खायचं सोडते आणि मरते. ज्या अळीत कॅडहेरिन बनवणाऱ्या जनुकातच बिघाड आहे, तिच्या आतड्यात विषाला चिकटायला जागाच नाही. विष पोटात जातं आणि काही न करता बाहेर पडतं.

हा बिघाड अप्रभावी आहे. नववीत तुम्ही मेंडेल शिकवता, तोच अप्रभावी. आईकडून आलेली आणि बापाकडून आलेली, दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तरच अळी वाचते. एक प्रत जरी धड असली तरी मरते. फळ्यावर हिशेब मांडा. समजा १,००० जनुकप्रतींत एक बिघडलेली आहे (आकडा मी हिशेबापुरता घेतलाय). मग दोन्ही प्रती बिघडलेली अळी १० लाखांत एक. पण एकच प्रत बिघडलेल्या अळ्या साधारण ५०० मध्ये एक. म्हणजे बिघाड शिवारात भरपूर आहे, पण धड प्रतीच्या जोडीनं विखुरलेला आहे, आणि अशी जोडी बीटी खाल्लं की मरते.

सगळं शिवार बीटीच लावलं तर काय होतं बघा. १० लाखांतली ती एक वाचते, तिचा पतंग होतो. त्याला जोडीदार कोण मिळणार? दुसऱ्या बीटी बोंडातून वाचून आलेला, म्हणजे तसलाच. त्यांची पिल्लं झाडून सगळी न मरणारी. आता बांधाच्या कडेनं बिगरबीटीच्या ओळी उभ्या आहेत असं धरा. तिथून साधे पतंग शेकड्यानं उडतात, आणि त्या एका वाचलेल्याची गाठ जवळजवळ नक्की साध्याशीच पडते. पिल्लांत एक प्रत बिघडलेली, एक धड. ती बीटीवर मरतात. म्हणून २००२ ला परवानगी देतानाच अट होती: २० टक्के क्षेत्र किंवा कडेच्या पाच ओळी, जे जास्त असेल तेवढं बिगरबीटी. ४५० ग्रॅमच्या बॅगेबरोबर १२० ग्रॅमचं वेगळं पाकीट यायचं ते याचसाठी. साध्या, मरणाऱ्या अळ्या जिवंत ठेवायच्या, हीच त्या पाकिटाची कामगिरी.

हे नुसतं कागदावरचं नाही. अमेरिकेत ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी ती पट्टी नेमानं ठेवली आणि तिथली गुलाबी अळी वर्षानुवर्षं बीटीला मरत राहिली. २००६ पासून त्यांनी बीटीच्या जोडीला वांझ केलेले पतंग विमानातून सोडले, आणि २०१८ मध्ये अमेरिकेनं आपल्या कापूसपट्ट्यातून ही कीड गेली असं जाहीर केलं. तीच अळी, तेच विष. आपल्याकडं २०१० साली अमरेली, भावनगर, जुनागड आणि राजकोट जिल्ह्यांतली गुलाबी अळी पहिल्या विषाला (२००२ च्या बीटीत तेवढं एकच होतं) दाद देत नाही असं जाहीर झालं. तोवर दोन विषांचं बीजी-२ बाजारात येऊन चार वर्षं झाली होती. पण दोन विषांची जोडी तेव्हाच खरी, जेव्हा दोन्ही काम करतात. पहिलं लंगडं झालेलं, सगळा भार दुसऱ्यावर. २०१४-१५ ला गुजरातेत तेही ढासळलं आणि २०१७ ला आपण काय भोगलं ते तुमच्या वर्गाला सांगायला नको.

हिरवीचा प्रश्न मुलांना आधी विचारा, शेतकऱ्याची लेकरं आहेत, सांगतील. हिरव्या बोंडअळीलाच आपण हरभऱ्यावर घाटेअळी म्हणतो. तिला तूर चालते, हरभरा चालतो, टोमॅटो, मका, सूर्यफूल, काय वाटेल ते. तुमच्याकडं कपाशीत तुरीची ओळ असतेच. ती तूर म्हणजे तिच्यासाठी आयती बिगरबीटी पट्टी, कुणी न सांगता लावलेली. तिथून साधे पतंग येत राहिले. गुलाबीचं मात्र जवळजवळ सगळं पोट कपाशीवर. भेंडी-अंबाडीवर कधीमधी सापडते, पण शिवारात भेंडी किती असणार? कपाशी सगळी बीटी झाली त्या दिवशी गुलाबीला साधं रान उरलंच नाही. त्यात तिची एक पिढी महिन्याभराची, म्हणजे एका हंगामात चार-पाच पिढ्या. लाखो वर्षं लागतात नवी जात वेगळी व्हायला. एका जनुकाचं प्रमाण बदलायला एवढ्या कडक निवडीत काही हंगाम पुरतात. हा फरक मुलांना जरूर सांगा, परीक्षेत नसला तरी.

एक गोष्ट राहिली, आणि मला वाटतं तुमच्या वर्गात ती सगळ्यात जास्त रंगेल. बाजारातलं बीटी बियाणं संकरित असतं. बीटीचं जनुक बहुधा एकाच पालकाकडून आलेलं. झाड बीटी, पान बीटी, बोंडाची साल बीटी. पण बोंडातली सरकी ही त्या झाडाची पुढची पिढी. तिथं मेंडेलचा द्विसंकर उभा राहतो: १६ सरक्यांत सरासरी ९ मध्ये दोन्ही विषं, ३ मध्ये फक्त पहिलं, ३ मध्ये फक्त दुसरं, एकीत काहीच नाही. ९:३:३:१, वाटाण्याचं गुणोत्तर, तुमच्या वावरात. एका बोंडात २५-३० सरक्या असतात आणि गुलाबी अळी खाते ती सरकीच. एका बोंडात तिला कमी विषाचा, जास्त विषाचा, बिनविषाचा असा सगळा घास मिळतो. एकच प्रत बिघडलेली अळी, जी मरायला हवी होती, तीही यात तगून जाऊ शकते. अमेरिका-ऑस्ट्रेलियात सरळ (संकरित नसलेले) वाण लावतात, तिथं प्रत्येक सरकीत विष असतं. ही गोष्ट आपल्याकडं फार थोड्यांनी शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन सांगितली, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

काळीवट (घनसावंगी)

बाई, राम राम. सरांनी शास्त्र सांगितलं, मी वावरातलं सांगतो. लेकरांपुढं दोन्ही येऊ द्या.

त्या १२० ग्रॅमच्या पाकिटाचं नाव निघालं की सगळे म्हणतात शेतकऱ्यानं लावलं नाही. काऊन लावलं नाही, हे कुणी इचारत नाही. माझी पाच एकर. २० टक्के म्हणजे एक एकर अळीच्या नावानं सोडायचं. पाच एकरवाल्यानं एक एकर सोडला तर पोरीची फी कशातून भरायची? वर त्या पाकिटातलं बी एका वाणाचं, बॅगेतलं दुसऱ्याच वाणाचं. उगवण मागं-पुढं, फुलोरा मागं-पुढं, तुडतुडे आधी त्याच्यावर. दुकानात बॅग देताना एका शब्दानं कुणी सांगत नव्हतं की हे पाकीट कशासाठी. 'रेफ्युजी' एवढंच छापलेलं. ज्याला कारण सांगितलं नाही त्यानं ते बांधावर ठेवलं तर दोष निम्माच त्याचा. आता बॅगेतच मिसळून येतं, ४७५ ग्रॅमची बॅग, ते बरं केलं. पण केलं कधी, अळी पसरून गेल्यावर.

दुसरं फरदडीचं, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवण्याचं. आमच्याकडं जायकवाडीचा डावा कालवा आहे. दिवाळीनंतर पाणी सुटतं. हरभरा-गहू करायचा तर पऱ्हाटी उपटा, मशागत करा, बी घ्या, खत घ्या. उभ्या पऱ्हाटीला नुसतं पाणी दिलं की दोन वेचण्या वर मिळतात, बिनखर्ची. हिशेब सरळ दिसतो म्हणून लोक ठेवतात. पण जानेवारी-फेब्रुवारीत झाड म्हातारं झालेलं असतं, विष उतरलेलं असतं आणि गुलाबीला ऐन उपासाच्या दिवसांत ताट वाढलेलं मिळतं. तिथं ज्या वाढतात त्याच पुढच्या जूनला आपल्या पात्यांवर येतात.

मधल्या काळात त्या कुठं असतात ते लेकरांना हातात घेऊन दाखवा. शेवटच्या वेचणीचा कवडी कापूस घ्या, पिवळा, चिकटलेला. तो फोडला की दोन सरक्या एकमेकीला जाळ्यानं चिकटलेल्या सापडतात. आम्ही जोडसरकी म्हणतो. नखानं उघडा. आतला गर खाऊन संपवलेला, आणि दोन टरफलांच्या पोकळीत गुलाबी अळी अंग वळवून गप पडलेली. मेली वाटते. काडीनं डिवचली की डोकं हलवते. अशी ती उन्हाळा काढते, पावसाची चाहूल लागेपर्यंत. त्याच पऱ्हाट्या आपण सरपणाला बांधावर रचून ठेवतो, आणि तसलाच कापूस जिनिंगच्या आवारात ढिगानं पडलेला असतो.

२०१७ नंतर आमच्या आळीतल्या काही जणांनी ठरवून डिसेंबरच्या आत रान मोकळं करायला सुरुवात केली. धनगराच्या मेंढ्या बसवल्या. मेंढी उरलेली हिरवी बोंडं, पाला सगळं खाते, अळीसकट. रानाला खतही पडतं. त्याचा फरक पडतो, मी पाहतोय. पण शेजारच्यानं फरदड ठेवली तर त्याचे पतंग माझ्याकडं येणारच. हे एकट्याचं काम नाही, शिवाराचं आहे, आणि शिवार एका मतानं चालवायला कुणी बसत नाही ही खरी अडचण.

अजिंठा_रोड

कामगंध सर, एक शंका. वाचणारी अळी 'आधीपासूनच' होती हे तुम्ही ठामपणे लिहिलंय. पण बीटी यायच्या आधी तर कुणी अळीचं कॅडहेरिन तपासलं नव्हतं. विषाच्या संपर्कामुळेच जनुकात बदल झाला, आणि मग तो पिल्लांत उतरला, असं का नसेल? मग आबांचं म्हणणं थोडं तरी खरं ठरतं ना? वाद घालायचा म्हणून नाही, मला खरंच समजून घ्यायचंय.

कामगंध (परभणी)

शंका रास्त आहे, आणि मोठमोठ्या माणसांना पडलेली आहे. तिचा निकाल लावणारा प्रयोग १९४३ चा, लुरिया आणि डेलब्रुक यांचा, अळीवरचा नसून जिवाणूंवरचा. त्यांनी पुष्कळ नळ्यांत थोडे थोडे जिवाणू वेगवेगळे वाढवले आणि मग प्रत्येक नळीतले जिवाणू त्यांना मारणाऱ्या विषाणूंपुढं टाकले. वाचण्याचा गुण विषाणूची गाठ पडल्यावरच तयार होत असता, तर प्रत्येक नळीतून साधारण सारखेच वाचले असते, कारण गाठ सगळ्यांची एकाच वेळी, एकसारखी पडली. प्रत्यक्षात कित्येक नळ्यांत एकही वाचला नाही, आणि एखाद्या नळीत एकदम ढीगभर. याचा अर्थ त्या नळीत विषाणू यायच्या कितीतरी पिढ्या आधीच उत्परिवर्तन झालं होतं आणि त्याची संतती वाढत आली होती. दोघांना पुढं १९६९ चं नोबेल मिळालं, हर्शी यांच्यासोबत.

कपाशीतही तशीच खूण दिसते. भारतातल्या शेतांमधून गोळा केलेल्या प्रतिकारक गुलाबी अळ्यांचं कॅडहेरिनचं जनुक वाचलं तेव्हा त्यात एकच ठरावीक बदल निघाला नाही. कुठं एक तुकडा गळलेला, कुठं भलतीकडं जोडलेला, असे निरनिराळे मोडतोडीचे प्रकार. ॲरिझोनातल्या अळ्यांत सापडलेले बिघाड आणखी वेगळे. जनुकात चुका होतच असतात, कुठंही, कशाही. बीटी नसताना त्यातल्या बहुतेक कुणाच्या लक्षातही येत नाहीत. बीटी आल्यावर ज्या मोडीमुळे विष चिकटत नाही, तेवढ्याच पुढं चालल्या. दुसऱ्या विषाच्या बाबतीत तर जनुकच निराळं, एबीसीए२ नावाचं, आणि तिथंही मोडतोडच.

बाई, हे वर्गात आवर्जून सांगा, कारण उत्क्रांती म्हणजे प्रगती असं मुलांच्या डोक्यात घट्ट बसलेलं असतं. इथं अळी सुधारलेली नाही. तिच्यातलं एक चांगलं चालणारं प्रथिन बिघडलंय, आणि या परिस्थितीत तो बिघाडच तिच्या पथ्यावर पडलाय. अमेरिकेत प्रयोगशाळेत अशा अळ्या बिगरबीटी कपाशीवर वाढवल्या तेव्हा त्या साध्या अळ्यांपेक्षा कमी तगल्या. जिथं विष नाही तिथं बिघाड अंगावर येतो. म्हणूनही शिवारात बिनविषाची झाडं असणं गरजेचं.

चीनच्या यांगत्से खोऱ्यातलं एक उदाहरण देऊन थांबतो. तिथं पुष्कळ शेतकरी संकरित बीटीचं पुढच्या पिढीचं बी लावू लागले. ते स्वस्त मिळायचं. त्यात साधारण २५ टक्के झाडं पूर्ण बिगरबीटी निघायची, शेतभर विखुरलेली. गुलाबी अळीतला वाढू लागलेला प्रतिकार तिथं उलट खाली आला. मी वर लिहिलेल्या सरकीच्या गोष्टीशी याची गल्लत करू नका. तिथं अख्खं झाड साधं, त्यामुळे त्यावरची अळी जन्मभर विषाला न शिवता मोठी होते आणि साधे पतंग देते. आपल्या बोंडात एक सरकी साधी आणि शेजारची विषाची. अळी दोन्ही कुरतडते.

गावरान (माहेर पूर्णा, सध्या नांदेड)

सगळे अमेरिकन कपाशीवर (आपलं बीटी त्याच जातीचं) बोलताय. आमच्या घरी देशी कापूस होता, लहान बोंडाचा. आई म्हणायची याला फवारा माहीत नाही. त्याचं धान्यासारखंच बी राखून ठेवायचे, पुढल्या साली तेच लावायचे. परभणीच्या महेबूब बागेत १९१८ पासून कापसावर काम चाललंय आणि विद्यापीठाचे देशी वाण आजही निघतात. पण बाजारात आखूड धाग्याला भाव नाही, आणि बोंड उमललं की कापूस खाली गळतो, वेचायला कष्ट पडतात, म्हणून रानातून गेला. गुलाबी अळी देशीलाही लागते हे मला माहीत आहे. तरी शिवारात दोन-तीन तऱ्हेची, वेगवेगळ्या मुदतीची कपाशी असणं आणि बांधापासून बांधापर्यंत एकच असणं, यात अळीच्या दृष्टीनं केवढा फरक आहे, हे सरांचं वाचून आज नीट उमजलं.

बाई, मुलांना आणखी एक सांगा, फार सुंदर गोष्ट आहे. आपल्या देशी कापसात २६ गुणसूत्रं, अमेरिकन कापसात ५२. कारण अमेरिकन कापूस दोन जातींच्या संकरातून झाला, आणि त्यातली एक आपल्या देशी कापसाच्या नात्यातली, जुन्या जगातली. दुसरी अमेरिकेतली रानटी. १० ते २० लाख वर्षांपूर्वी, माणूस शेती करायच्या कितीतरी आधी, हा संकर निसर्गात आपोआप झाला. अळीतली उत्क्रांती १५ वर्षांची, झाडातली १५ लाखांची, दोन्ही एकाच वावरात.

दुधनाकाठ (सेलू)

सगळ्यांचे मनापासून आभार. काळीवट दादा, पाकिटाचं कारण कुणी सांगितलं नव्हतं हे तुमचं म्हणणं मी वर्गात जसंच्या तसं वाचलं. तीन-चार जण म्हणाले, आमच्या घरी तसं पाकीट माळ्यावर पडलेलं होतं.

हिशेब चिंचोक्यांवर घेतला. एका बाजूनं घासून पांढरे केलेले म्हणजे बिघडलेली प्रत, बिनघासलेले धड. डब्यातून डोळे मिटून दोन काढायचे, दोन्ही पांढरे आले तर अळी जगली, नाहीतर चिंचोके बाजूला. जगलेल्यांचेच चिंचोके परत डब्यात, दुपटीनं. पांढरे इतक्या लवकर डबा भरतील असं मुलांना वाटलं नव्हतं. मग दुसरा डबा घेतला, प्रत्येक फेरीला त्यात मूठभर साधे चिंचोके टाकत गेलो. प्रश्न विचारणारी मुलगी दुसऱ्या डब्यापाशीच बसून राहिली. तिला कळलं की साधे टाकले की पांढरा चिंचोका जोडीला पांढराच मिळेल याची खात्री राहत नाही. हे तिनं स्वतः सांगितलं, मी नाही.

आता पुढचं. शाळेमागे एका पालकांची कपाशी आहे, तिथं मुलांना कामगंध सापळा (गंधानं पतंग ओढणारा) लावायचाय. सर, त्यात आलेल्या पतंगांवरून कोणता प्रतिकारक, कोणता साधा, हे ओळखता येईल का?

कामगंध (परभणी)

नाही, डोळ्यांनी कळत नाही. दोन्ही पतंग सारखेच दिसतात, बारीक, करड्या-तपकिरी पंखांचे. त्यासाठी अळ्या प्रयोगशाळेत मोजून विष घातलेल्या कृत्रिम खाद्यावर वाढवतात, किंवा जनुक तपासतात. शिवाय सापळ्यात फक्त नर येतात, कारण आतल्या वडीला मादीचा गंध असतो. मुलांना हे आधी सांगा, नाहीतर माद्या का येत नाहीत यावर तास जाईल.

पण मोजणी करा. कपाशी ४५ दिवसांची झाली की सापळा लावा, एकराला दोन, झाडाच्या शेंड्याच्या थोडा वर. सकाळी पतंग मोजायचे, वहीत तारीख आणि आकडा. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तर मालकांना कळवा, ती उपाय करण्याची पातळी आहे. जोडीला फुलं बघा. पाकळ्या उमलल्या नाहीत, गुलाबाच्या कळीसारख्या आतून जाळ्यानं बांधलेल्या दिसल्या, तर ती डोमकळी, आत अळी असणारच. ऑक्टोबरपासून एकरातून २० हिरवी बोंडं तोडून फोडा. बाहेरून बोंड अगदी निरोगी दिसतं, अळी शिरल्याचं भोक बुजून जातं, त्यामुळे वरून पाहून सोडू नका. लहान अळी पांढुरकी असते, डोकं काळपट. गुलाबी रंग नंतर येतो, मुलं पांढरी अळी दुसरीच समजून टाकतील.

त्याच बोंडातल्या सरक्याही मोजायला लावा, किती खाल्लेल्या, किती धड. फवारणीच्या दिवशी आणि नंतरचे काही दिवस मुलांना वावरात अजिबात नेऊ नका, मालकांना आधी विचारून घ्या. महिन्याभराचे आकडे इथं टाका, मी बघून कळवतो.